संगमनेरचं स्थळ

भागवतमामा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून परस्पर शेवगावला आले ते बातमी घेऊनच. दारात चपला काढता काढता त्यांनी बहिणीला हाक मारली आणि सांगून टाकलं, की अश्विनीसाठी संगमनेरचं स्थळ आणलंय. मुलगा एकुलता एक, नाव आदिनाथ. शेतकीची पदवी घेतलेला, गायींचा मोठा गोठा, दुधाचा धंदा. घर बंगल्यासारखं, आणि संगमनेरपासून पाच मिनिटांवर.

अश्विनीचे वडील ज्ञानेश्वर, घरातले अण्णा, बाजारपेठेत खता-बियाण्यांचं दुकान चालवायचे. संगमनेर म्हणजे प्रवराकाठ, आणि प्रवराकाठ म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. बारमाही पाणी, ऊस, दूध, कॉलेजं. शेवगावकडच्या बापाला आपल्या मुलीसाठी याहून वेगळं काय हवं असतं? मामांसाठी दुसरा चहा त्यांनी स्वतः उठून आणला.

अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "पाच मिनिटं कशानं, मामा?"

"गाडीनं की."

"कुठल्या बाजूला?"

मामांचा बशीकडे जाणारा हात थांबला. मग ते म्हणाले, "अगं, संगमनेर म्हंजी संगमनेर. बाजू घेऊन काय करायचीय तुला?" आणि फुर्रकन चहा ओढला.

थांबणं एवढंसंच होतं, पण अश्विनीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

ती एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायची. दर वर्षी अकरावीच्या नव्या वर्गाची सुरुवात ती स्थान आणि स्थळ यांतल्या फरकाने करायची. स्थान म्हणजे नकाशावरचा बिंदू. कुठल्या गावाच्या कोणत्या दिशेला, किती अंतरावर, ते सांगितलं की झालं. स्थळ म्हणजे त्या बिंदूवर जाऊन उभं राहिल्यावर जे भेटतं ते. माती, पाणी, माणसं, त्यांची ये-जा, चुलीचा धूर. वर्गातली मुलं स्थळ या शब्दाला हमखास हसायची, कारण त्यांच्या घरी तो एकाच कामासाठी वापरला जायचा. आधी अश्विनीही त्यांच्याबरोबर हसायची. गेल्या वर्षीपासून मात्र तिला हसू येईनासं झालं होतं.

गेल्या वर्षी 'पुण्याचा मुलगा' आला होता. पुण्यात फ्लॅट, पुण्यात नोकरी. साखरपुडा ठरण्याच्या बेतात असताना अण्णा सहज म्हणून भेटायला गेले आणि शिक्रापूरच्याही पुढे, गोदामांच्या रांगेमागे, मित्रांबरोबर भाड्याने राहणारा मुलगा पाहून परतले. मुलाचे वडील म्हणाले, पुणेच की, पुणे जिल्हा. म्हणजे तसं पाहिलं तर खोटं कोणीच बोललं नव्हतं. नकाशाचं प्रमाण तेवढं बदललं होतं. मोठा मुलूख छोट्या कागदावर आणला की आख्खा तालुका बोटाखाली झाकला जातो, आणि बोटाखाली काय काय दडवता येतं हे अश्विनीला तेव्हा कळलं.

तेव्हापासून कोणीही गावाचं नाव घेतलं, की तिच्या मनात पाल चुकचुकायची.

दोन दिवसांनी मामांनी मोबाईलवर फोटो पाठवले. दुमजली घर, पुढे तुळशीवृंदावन, कुंपणाला लागून काळ्याभोर रानात उभा ऊस. घराचं तोंड पूर्वेला आहे, वास्तुशास्त्र पाहून बांधलंय, असं मामांनी फोन करून मुद्दाम सांगितलं. आईने ते फोटो शेजारीपाजारी दाखवूनही टाकले.

मग मोठ्यांच्या परवानगीने आदिनाथचा फोन आला. आवाज शांत. गाडीविषयी बोलला नाही, घराविषयी तर अवाक्षर नाही. तिला काय शिकवायला आवडतं ते त्याने विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलला नाही. दुसऱ्या एखादीला याने बरं वाटलं असतं. अश्विनीला वाटलं, लग्नाला उभा राहिलेला मुलगा स्वतःच्या घराविषयी काहीच बोलत नाही, त्या अर्थी घरातच काहीतरी आहे.

एका संध्याकाळी त्याने छोटासा व्हिडिओ पाठवला. घराच्या पायरीवर बसून काढलेला. समोर अंगण, अंगणातून गोठ्याकडे निघालेल्या गायी, आणि त्यांच्या पलीकडे उघड्या डोंगरामागे बुडणारा सूर्य. खाली लिहिलं होतं, दिवसभराचं काम आटोपलं की दारात बसून हे बघतो.

अश्विनीने तो पुन्हा पुन्हा पाहिला. घराचं तोंड पूर्वेला, मग दारासमोर सूर्य मावळतो कसा? अंगणातली माती काळी नव्हती, मुरमाड होती. ऊस कुठे दिसत नव्हता, बाजरीच्या वाळल्या सरमाडाची गंजी दिसत होती.

सरळ विचारावं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण लबाड माणसाला सरळ प्रश्न केला की तो पुढच्या वेळी सावध होतो, असं तिचं मत झालेलं होतं. म्हणून ती आडून आडून विचारत राहिली. सकाळी ऊन कुठून येतं, दूध कुठे घालता, बाजाराला कुठे जाता. तो साधेपणाने उत्तरं देत गेला. एकदा बोलता बोलता तिने विचारलं, संगमनेरला पोचायला किती वेळ लागतो?

"घाटात ट्रक अडकलेले नसले तर पाऊण तास," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तिने तालुक्याचा नकाशा उघडला. प्रवरेच्या काठाने सपाट, काळा, पाणी खेळलेला पट्टा. त्यात घाट कुठला? घाट लागतो दक्षिणेला, पुणे रस्त्याने चंदनापुरीचा, आणि तो चढला की पठार सुरू होतं. तालुका तोच, तहसीलदार तोच, पत्त्यात नावही संगमनेरच. पण खालच्या माणसाने वर मुलगी द्यायची म्हटलं की दहादा विचार करावा, इतके ते दोन प्रदेश वेगळे. खाली पाटाचं पाणी आणि वर पावसाचं. एका नावाखाली दोन मुलूख नांदत होते, आणि त्यातला एक तिच्यापासून कोणीतरी झाकून ठेवला होता.

तिने अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, मित्राच्या वस्तीवर काढला असेल व्हिडिओ. आई म्हणाली, तू देवळात गेलीस तरी देवाला पत्ता विचारशील. मग तिने मामांना फोन केला. मामांचं उत्तर तयार होतं. घर खाली हाय, गोठा वर हाय, दोन्ही त्यांचंच. खालच्या गावाचं नावही त्यांनी सांगून टाकलं. उत्तर इतकं झटकन आलं, की तिला मामांची दयाच आली. त्या लोकांनी मामांना चांगलंच पढवलेलं दिसतंय, असं तिला वाटलं. जनावराचे दात पाहून वय सांगणारा आपला मामा माणसांत मात्र फसला.

आता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

तिच्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीची, फलकची खाला, म्हणजे मावशी, संगमनेरला राहायची. खालाला भेटायला म्हणून दोघी एस.टी.ने निघाल्या. घरी अश्विनीने फलकच्या सोबतीला जाते एवढंच सांगितलं. वाटेत फलकने तिला विचारलं, की समजा सगळं खरं निघालं तर? अश्विनी म्हणाली, तर उत्तमच. पण हे बोलताना आपल्याला खोटंच सापडायला हवंय, हे तिचं तिला जाणवलं आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

खालाची स्कूटर घेऊन दोघी मामांनी सांगितलेल्या गावात गेल्या. किराणा दुकानातल्या बाईला फोटो दाखवला. तिने लगेच बोट केलं, ते काय, राहीबाईंचं घर.

घर तसंच होतं. दुमजली, पूर्वेला तोंड, कुंपणाशी ऊस. अंगणात सत्तरीची एक बाई लसूण निवडत बसली होती. आम्ही कॉलेजातून पाहणीला आलोय, असं फलकने सांगितलं. राहीबाईंनी दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कशाची पाहनी? रस्ता न्यायचाय का आमच्या रानातनं?"

फलक म्हणाली, तसं काही नाही, कुठल्या घरात कोण राहतं एवढंच विचारायचंय. मग अश्विनीने हळूच आदिनाथचं नाव काढलं.

"आदिनाथ माझा भाचा, भावाचं पोरगं. शाळेला हितंच हुता, बारावीपत्तुर. आता वर असतोय, त्याच्या घरी. सनासुदीला येतो."

"मग हे घर?"

"आमचं. माझ्या मालकानं बांधलं," राहीबाई म्हणाल्या आणि हातातला लसूण सुपात टाकून उभ्या राहिल्या. "पर तुमी त्याला कशापायी इचारताय? कोन तुमी?"

दोघींनी काहीबाही सांगून पाय काढला. वळणावर येईपर्यंत राहीबाई फाटकाशी उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. अंदाज खरा ठरला होता, पण त्याचा आनंद असा होतच नव्हता.

फलकला वाटत होतं, की आता परत फिरावं. जे कळायचं ते कळलं. अश्विनी म्हणाली, अर्धंच कळलंय. स्कूटर पुणे रस्त्याला लागली, घाट चढली. वर आल्यावर वारा बदलला. रानं मोठी, झाडं विरळ, दगडी बांध, मध्येच प्लास्टिक अंथरलेलं एखादं शेततळं. दूध कुठे घालतो ते आदिनाथने फोनवर सांगितलं होतं, त्या खुणेवर महामार्ग सोडला आणि कच्च्या रस्त्याला लागल्यावर दोन ठिकाणी विचारावं लागलं. वस्तीपाशी आल्याबरोबर अश्विनीला व्हिडिओतला उघडा डोंगर ओळखू आला. घर बैठं, पत्र्याचं, रंग दिलेलं, पश्चिमेला तोंड असलेलं. गोठा मात्र खरंच मोठा आणि झाडून लख्ख ठेवलेला.

आदिनाथ गव्हाणीत चारा टाकत होता. त्याने वर पाहिलं, तिला ओळखलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. कळवलं असतं तर न्यायला आलो असतो, म्हणाला. पकडला गेलेला माणूस असा आनंदतो का? की हेही नाटकच? अश्विनीचा राग आणखी वाढला.

"खालचं घर बघून आले," ती म्हणाली. "तुमच्या आत्याबाईंचं."

"आत्या भेटली? बरं झालं. जेवल्याशिवाय सोडलं कसं तिनं?"

"ते घर तुमचं म्हणून दाखवलंय आम्हाला."

आदिनाथने हातातला चारा खाली ठेवला. पँटला हात पुसले. "कोणी दाखवलं?"

"तुमच्याकडूनच आलेत ना फोटो?"

"मी तुम्हाला या दाराचा व्हिडिओ पाठवला. दुसरं काहीच पाठवलं नाही." तो म्हणाला. "भागवतमामा म्हणाले होते, की मुलीला पठाराचं सगळं सांगितलंय. भूगोलाची आहे, तिला पाण्याचं-बिण्याचं कळतं, तिची काही हरकत नाही. मला त्याचंच नवल वाटलं होतं. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

अश्विनीला ते पटलं नाही. सगळं मामांवर ढकलायची ही चांगली युक्ती होती. तिने तसं तोंडावर म्हटलंही. आदिनाथने वाद घातला नाही. खिशातून मोबाईल काढला, मामांना लावला, स्पीकर सुरू केला आणि बोट ओठांवर ठेवलं.

मामांचा आवाज नेहमीसारखा मोकळा होता. राम राम झाल्यावर आदिनाथने विचारलं, "मामा, अश्विनीला आमचं घर वर आहे हे सांगितलंय ना तुम्ही?"

पलीकडून नुसतीच गुरांची हंबर ऐकू आली. मग मामा म्हणाले, "सांगतो की. घाई काय हाय? एकदा सुपारी फुटू द्या, मंग सांगू निवांत. आमचे दाजी पठार म्हनलं की उठून जातील. तुमी निस्तं गप ऱ्हावा, मी हाय ना."

आदिनाथने फोन बंद केला. फलक गायींकडे बघत राहिली. ज्याच्या खांद्यावर बसून आपण लहानपणी यात्रा पाहिली तो मामा, आणि ज्याच्यावर महिनाभर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली तो हा माणूस. अश्विनीला कुणाकडे बघावं ते कळेना.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"अंदाज तुमचा बरोबरच होता," आदिनाथ म्हणाला. आवाज शांतच होता, पण आधीची ऊब त्यात नव्हती. "पण ऊन कुठून येतं, दूध कुठे जातं, सगळं विचारलंत. घर कुठे आहे एवढं सरळ विचारलं असतंत, तर एका वाक्यात सांगितलं असतं. मला वाटायचं, हिला आपल्या जागेविषयी खरंच उत्सुकता आहे. तुम्ही माझी तपासणी करत होतात." तो पुन्हा चाऱ्याकडे वळला. "चहा घेऊन जा. आई घरात आहे. बाकीचं मला आता विचार करून सांगावं लागेल."

चहा घेऊन दोघी निघाल्या.

घरी आल्यावर अश्विनीने काहीही न झाकता सांगितलं. अण्णांनी मामांना बोलावून घेतलं. मामा आले, ओट्यावरच बसले, आत आले नाहीत. अण्णा खूप बोलले. आई तर भावाशी बोललीच नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. शेवटी मामांनी मान वर केली. आदिनाथच्या वडिलांशी, कानिफनाथांशी, त्यांचा कितीतरी वर्षांचा व्यवहार होता. कानिफनाथांनी कधी आजारी गाय निरोगी म्हणून विकली नाही. पोरगं सोन्यासारखं. पठार आहे म्हणून त्याची लग्नं मोडत होती.

"म्या खरं सांगितलं असतं, तर तुमी पोराचं नाव तरी इचारलं असतं का, दाजी?" ते म्हणाले. "दारातनंच वाटंला लावलं असतं मला."

हे खरं होतं. पण खरं असलं तरी मामांचं वागणं त्याने धुऊन निघत नव्हतं, आणि हे मामांनाही कळत असावं. ते चहा न घेता गेले.

आदिनाथचा फोन आला नाही. अश्विनी वर्गात प्रदेश शिकवत होती, की प्रदेशाच्या सीमा जमिनीवर आखलेल्या नसतात, माणसं त्या ठरवतात; आणि शिकवता शिकवता तिला आपल्याच घरातली माणसं दिसत होती. संक्रांत झाल्यावर तिने स्वतःहून त्याला फोन लावला. सांगितलं, की या वेळी आडून काही विचारणार नाही. पाणी किती महिने पुरतं? टँकर येतो का? मला नोकरी सोडायची नाही, संगमनेरला मिळाली तर रोज घाट उतरून जाता येईल का? त्याने एकेक उत्तर दिलं. मग म्हणाला, आता माझी पाळी. तुम्हाला माणसावर विश्वास ठेवायला किती वेळ लागतो?

"लागतो," ती म्हणाली. "खोटं सांगत नाही."

तो हसला. महिनाभराने त्याने आपला होकार कळवला. अश्विनीने अण्णांपुढे एकच गोष्ट मांडली. मुलाचं घर बघायला आपण सगळे जाऊ, पण आता नाही. श्रावणात तर नाहीच, तेव्हा सगळीच रानं हिरवी असतात. वैशाखात जाऊ.

वैशाखात पठार भाजून निघालं होतं. गाडीत मामांना मागच्या सीटवर, पिशव्यांच्या बाजूला जागा मिळाली होती. कानिफनाथ फेटा बांधून रस्त्यापर्यंत सामोरे आले. अण्णांनी राम राम घातला आणि घरात न शिरता सरळ मागे गेले. न्हाणीचा नळ सोडून पाहिला. गोठ्यातला सोडला. शेततळ्याच्या कडेला उभं राहून तळाला किती पाणी आहे ते पाहिलं, विहिरीतही डोकावले. जावई बघायला आलेला माणूस असा नळ सोडत हिंडतोय, हे अश्विनीला ओशाळवाणं वाटत होतं. आदिनाथ मात्र त्यांच्या मागे मागे चालत, कुठला नळ कुठल्या टाकीचा ते सांगत होता.

बैठकीत अण्णांनी टँकरचं विचारलं. कानिफनाथ म्हणाले, "काही सालं येतो. औंदा आला. खोटं कशाला सांगू?"

पाणी प्यायला दिलं गेलं. अण्णांनी तांब्या खाली ठेवला. मागच्या सीटवरून आलेल्या मेहुण्याकडे एकदा पाहिलं आणि मग कानिफनाथांना म्हणाले, "अजून काही सांगायचं राहिलंय का? आत्ताच सांगा."

कानिफनाथ विचारात पडले. आदिनाथच्या आईने पदर सावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"इहीर," कानिफनाथ अखेर म्हणाले. "तुमी मघाशी बघितली ती. ती निम्मीच आमची हाय. निम्मी चुलतभावाची. एक दिस आमी उपसतो, एक दिस त्यो."

आल्यापासून अण्णांच्या कपाळावर जी आठी होती, ती इथे सैल झाली. विचारलं नसतं तर कधी कळलंच नसतं, असं काहीतरी समोरच्या माणसाने स्वतःहून पुढे ठेवलं होतं. त्यांनी मान हलवली आणि अश्विनीकडे वळून विचारलं, "तुझं काय?"

"माझा होकार आहे," अश्विनी म्हणाली.

आदिनाथच्या आईने कुंकवाची कोयरी आणायला आत पाऊल टाकलं. अण्णा कानिफनाथांच्या जरा जवळ सरकले.

"आणि चुलतभावाशी," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "बोलणं-चालणं आहे ना?"